छडी, पदक आणि शाबासकी

महोत्सवाच्या आनंदांत आपल्या मुलाबाळांच्या पहिल्या शाळेची आठवण ठेवणें उचित होय. उरण तालुक्यांतील जासई ह्या गांवीं १३ जानेवारी १९२६ रोजीं दि. बा. पाटील ह्यांचा जन्म झाला. आगरी समाजांतील हे गृहस्थ पुढें वकील झाले, विधानसभेंत व लोकसभेंत गेले आणि भूमिपुत्रांच्या जमिनींसाठीं झगडले. खेड्यांतील मुलांत बुद्धीची वाण कधींच नव्हती. प्रश्न एवढाच होता कीं, शेताच्या बांधावरून शाळेंत आलेलें मूल तेथें रमावें कशानें? धाकानें, लालुचीनें, कीं उत्तेजनानें?

योगायोग असा कीं, त्याच १९२६ सालीं भावनगर येथें गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन करून ह्याच प्रश्नास हात घातला. त्यांस प्रेरणा होती इटलींतील डॉ. मारिया मॉण्टेसरी ह्यांची. ह्या कॅथलिक कुटुंबांत जन्मलेल्या विदुषीनें १९०७ सालीं रोम शहराच्या एका गरीब वस्तींत बालगृह उघडलें. त्यांनीं एक मार्मिक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका मुलाच्या गळ्यांत बक्षिसाचा रुपेरी क्रूस होता. दुसऱ्या मुलास शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविलें होतें. पहिला आपल्या कामांत इतका गढून गेला होता कीं, क्रूस खालीं पडला तरी त्याची त्यास पर्वा नव्हती. शिक्षा झालेल्या मुलानें तो उचलून खुशाल आपल्या गळ्यांत घातला! बाईंना उमगलें कीं, ज्यास कामाची गोडी लागली त्यास पदक नको, आणि ज्यास ती लागली नाहीं त्यास पदकानें ती लागत नाहीं.

हें तत्त्व आपल्या मातींत रुजविलें तें ताराबाई व त्यांच्या शिष्या अनुताई वाघ ह्यांनीं. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. वारली मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच पाड्यावर, त्यांच्या अंगणांत गेली, तीच अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा भरूं लागली. महागड्या साहित्याऐवजीं खडे, शिंपले, बिया व पानें आलीं. मुलाला दोष देण्याऐवजीं त्याची अडचण ओळखली गेली, हेंच खरें उत्तेजन.

आज छडी कायद्यानें निषिद्ध आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही वर्ज्य केले. परंतु छडी गेली म्हणजे उत्तेजन आपोआप आलें असें नव्हे. "तूं हुशार आहेस" ही स्तुति पोकळ ठरते. चूक झाली कीं मुलाचा धीर सुटतो. उलट, "काल तुला हातचा घेतां येत नव्हता, आज तीनदां खोडून तूं तो बरोबर घेतलास," असें शिक्षक म्हणतील, तर मुलास आपल्या श्रमाची वाट दिसते. घरींही वडील माणसांनीं "किती गुण मिळाले?" ह्याआधीं "आज काय करून पाहिलेंस?" असें विचारावें.

शुभवर्तमानांतील दृष्टान्त आपणांस ठाऊकच आहे. अधिक धन मिळालेल्या व थोडें धन मिळालेल्या, दोन्ही उद्योगी चाकरांस धन्यानें एकसारखीच शाबासकी दिली. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या वांट्यास ती शाबासकी येवो, म्हणजे आपल्या महोत्सवाचें सार्थक झालें.