प्लेगचा इतिहास म्हणजे फक्त रँडचा खून काय?

१८९७ चा प्लेग म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : पुण्यातला रँडचा जुलूम आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या. पण त्या साथीत गरिबांच्या वस्तीत कोण उभं राहिलं? येलदरीतले आम्ही कार्यकर्ते हा प्रश्न मुद्दाम विचारतो, कारण त्याच्या उत्तरात आपला इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात माणसं ताप आणि गाठींनी मरत होती. महापालिकेचे सभासद असलेले गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी स्थायी समितीत स्पष्ट सांगितलं, हा प्लेग आहे. बंदराच्या व्यापाऱ्यांना हे नाव नको होतं. तरी एका लोकप्रतिनिधीने ते उच्चारलं.

त्यानंतर लाखो लोक शहर सोडून गेले. मागे राहिलेल्या कामगाराला प्लेगइतकीच धास्ती होती ती जबरदस्तीने दवाखान्यात नेलं जाण्याची. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. सरकारने उत्तर दिलं ते ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने. विश्वास कमवायचं सोडून हातात दंडुका घेतला.

विश्वास होता तो रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावर. महात्मा फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी 'दीनबंधु' चालवत. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली आणि १८९० मध्ये ती मिळवली. साथ आली तेव्हा लोखंडे पळाले नाहीत. रोग्यांसाठी त्यांनी मराठा रुग्णालय सुरू केलं, सेवा केली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. कायदा होऊन पाचच दिवस झाले होते.

महिनाभरात, १० मार्चला, सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं.

कामगार अडाणी होते म्हणून दवाखान्याला घाबरले, हे म्हणणं आम्हाला मान्य नाही. ज्या सरकारने त्यांना कधी माणूस मानलं नाही, त्याच्या हाती ते आपलं मूल का देतील? लोखंड्यांचा शब्द चालला, कारण त्यामागे बारा-तेरा वर्षांची चळवळ होती. विश्वास साथीच्या दिवशी उगवत नाही, तो आधी पेरावा लागतो.

२०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला आणि मुंबई-पुण्यातला मजूर पायी गावाकडे निघाला. बाबासाहेबांच्या संविधानातलं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. म्हणून मित्रांनो, मत मागायला येणाऱ्याला जात, पक्ष विचारण्याआधी हे विचारा : साथ आली तर खरं बोलशील का? आमच्या वस्तीत थांबशील का? आणि त्याआधी, आज, आमच्या दवाखान्यासाठी काय करतोस?

जय भीम! जय सावित्री!