जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : एका अडवणुकीचा इतिहास

पॅट्रिक वोल्करडिंग यांनी १७ जुलै १९९३ रोजी ‘स्लॅकवेअर’ या लिनक्स-संचाची पहिली आवृत्ती जाहीर केली, तेव्हा ती २४ फ्लॉपींमध्ये मावत होती. १३ फ्लॉपी मूळ प्रणालीच्या, ११ चित्ररूप पडद्याच्या. एकेक फ्लॉपी घालत जायचं आणि शेवटच्या टप्प्यात एखादी वाचली गेली नाही, तर ती नव्याने भरून आणायची. लॅपटॉपवाल्याची कसोटी मात्र सगळ्या फ्लॉपी संपल्यावर लागे.

पडदा दाखवणाऱ्या एक्सफ्री८६ या प्रणालीला आडव्या-उभ्या वारंवारतेचे आकडे हाताने एका फाइलमध्ये लिहून द्यावे लागत. टेबलावरच्या मॉनिटरच्या पुस्तिकेत ते छापलेले असत, लॅपटॉपच्या पुस्तिकेत बहुधा नसत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कित्येक लॅपटॉपमध्ये नियोमॅजिक कंपनीची चित्रचिप होती आणि तिचा तपशील कंपनी उघड करत नव्हती. १९९८ च्या सुमारास रेड हॅट या लिनक्स कंपनीने तिच्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, दिला, पण सुरुवातीला मूळ संहितेविना. पुढे अनेक वर्षं हेच होत राहिलं. यंत्र दुबळं आहे म्हणून लिनक्स अडत नव्हतं, तर आतल्या चिपशी बोलायचं कसं, हे बनवणारे सांगत नव्हते म्हणून अडत होतं.

भारतात अडचण त्याच्याही आधीची होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवरून ६०० एमबीची सीडी उतरवायची, तर फोनची लाइन जवळजवळ दोन दिवस अखंड चालू राहायला हवी. म्हणूनच ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने १९९६ पासून अंकासोबत दिलेल्या लिनक्सच्या सीडींचं महत्त्व फार मोठं. त्या उपक्रमामागे बेळगावात शिकलेले आणि बंगळूरमध्ये काम करणारे अतुल चिटणीस होते. सीडी हाती आली तरी लॅपटॉपमधला मोडेम अनेकदा ‘विनमोडेम’ निघे. त्याचं निम्मं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करत असे, त्यामुळे लिनक्सपुढे तो मुकाच राही.

मग वाय-फाय आलं आणि सर्वांत मोठं दुखणं सुरू झालं. डेल, एचपी, ॲपलच्या असंख्य लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप होती आणि लिनक्ससाठी ड्रायव्हर नव्हता. लोक ‘एनडिसरॅपर’ वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवत. कधी जमे, कधी सगळी प्रणाली गोठे. दरम्यान काही स्वयंसेवकांनी अतिशय चिकाटीचं काम हाती घेतलं. एका गटाने लिंकसिसच्या राउटरमधला ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर उकलून चिपच्या वागण्याचं टिपण तयार केलं. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर पाहिलाच नाही, फक्त टिपण वाचून नवा लिहिला. नक्कल केल्याचा दावा कुणाला करता येऊ नये, यासाठी ही विभागणी होती. जून २००६ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या २.६.१७ या कर्नलमध्ये (गाभ्यात) दाखल झाला. लिनक्सच्या इतिहासात अशा कामाची नोंद ठळक अक्षरांत व्हायला हवी.

तरीही पेच उरलाच. चिपमध्ये भरायचं फर्मवेअर ब्रॉडकॉमच्या मालकीचं होतं आणि लिनक्सच्या सीडीत ते वाटण्याची मुभा नव्हती. ते इंटरनेटवरून आणायचं आणि इंटरनेटसाठी तेच हवं! जवळ केबलची जोडणी नसेल, तर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये घेऊन येणं भाग असे. ब्रॉडकॉमने स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, तोही नव्या चिपसाठी. डेबियन या लिनक्स-संचाने तर तत्त्वाला धरून असं बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने हा नियम बदलला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येऊ लागलं. तत्त्वाचा आग्रह आदरणीय होता, पण त्याची झळ कंपन्यांना नव्हे, जुना लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला लागत होती.

एक अडचण मात्र लिनक्सच्या बाजूनेच आली. २००३ मधल्या पहिल्या पेंटियम एम चिपमध्ये ‘पीएई’ ही जास्त मेमरी हाताळण्याची सोय होती, पण विचारल्यावर चिप ती असल्याचं सांगत नसे. उबुंटू या लिनक्स-संचाने १२.१० या आवृत्तीपासून ही सोय सक्तीची केली, तेव्हा थिंकपॅड टी४० सारखी धडधाकट यंत्रं इन्स्टॉलरच्या पहिल्याच पायरीवर परत पाठवली जाऊ लागली. १४.०४ मध्ये ‘फोर्सपीएई’ हा शब्द सुरुवातीच्या ओळीत लिहिण्याची वाट मिळाली. जुन्या चिप वगळणंही चालूच होतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या ३८६ चिपवर लिनक्स लिहायला घेतलं, तिचा आधार २०१३ च्या ३.८ कर्नलमधून काढला गेला. ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं.

दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ज्यांना स्वीकारत नाही, असे असंख्य लॅपटॉप तेव्हापासून लिनक्सच्या दाराशी आहेत. त्यांतले बहुतेक ६४ बिटांचे आहेत, आणि इंटेलचं वाय-फाय असलेले सहसा पहिल्याच प्रयत्नात चालू होतात. ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या मॅकबुकसाठी मात्र अजूनही अनेकदा मोबाइल यूएसबी केबलने जोडून इंटरनेट घ्यावं लागतं आणि मग ड्रायव्हर उतरवावा लागतो.