विरुंगाचे वाटाडे

'सफारी' हा शब्द मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. अरबीतील 'सफर' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि आपल्या भाषेत सुखाने नांदली. तीच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून स्वाहिलीत 'सफारी' झाली. त्याच किनाऱ्यावर आपल्याकडील 'दुकान'चे 'दुका' आणि 'गाडी'चे 'गारी' झाले. स्वाहिली बोलणाऱ्याला सफारी म्हणजे केवळ प्रवास. मग तो व्यापाराचा असो, तीर्थाचा असो वा सोयऱ्यांकडे जाण्याचा. एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा मात्र त्याचा अर्थ आकसला आणि त्याला बंदूक, तंबू व डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसांची लांबच लांब रांग चिकटली. १९०९ मध्ये अध्यक्षपदावरून उतरलेले थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून अधिक मोठी जनावरे मारली आणि त्या मोहिमेवर ग्रंथही लिहिला. सफारी हा एक वाङ्मयप्रकार झाला तो अशा ग्रंथांतून. या प्रकारात शिकाऱ्याला नाव असते, बंदुकीला नाव असते, क्वचित सिंहालाही असते; ज्याच्या डोळ्यांनी तो सिंह प्रथम दिसला, त्याला बहुधा नसते.

या वाङ्मयाचा सर्वांत रोचक आणि सर्वांत अडचणीचा भाग गोरिलासंबंधीचा आहे. गोरिला हे नावच मुळी प्रवासवर्णनातून आले. कार्थेजच्या हान्नो नावाच्या दर्यावर्दीचे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील मानले जाणारे एक वृत्त ग्रीक भाषेत शिल्लक आहे. त्यात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर भेटलेल्या केसाळ 'माणसां'चा उल्लेख येतो. त्यांना गोरिला म्हणतात हे हान्नोला त्याच्या दुभाषांनी सांगितले. ते प्राणी कोणते होते याचा उलगडा आता होणे नाही. परंतु या इतिहासाच्या पहिल्याच पानावर दुभाषा उभा आहे आणि तो अनामिक आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८४७ मध्ये थॉमस सॅव्हेज या अमेरिकी धर्मप्रसारकाने गॅबनच्या बाजूला मिळालेल्या कवट्यांच्या आधारे या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ते जुने नाव पुन्हा वापरात आले. पुढे १८६१ मध्ये पॉल दु शाय्यू याचा प्रवासग्रंथ निघाला आणि छाती बडवीत चालून येणारा नरराक्षस युरोपच्या कल्पनेत कायमचा बसला. दु शाय्यूवर अतिशयोक्तीचे आरोप झाले, ते अकारण नव्हते; पण वाचकांनी त्याला जे मानधन दिले ते भयाचेच दिले.

हे सारे पश्चिमेकडील सखल अरण्यातील गोरिलाविषयी झाले. आपला विषय आहे तो आजच्या कांगो, रुआंडा व युगांडा या तीन देशांच्या सीमेवरील विरुंगा ज्वालामुखींच्या उतारांवर राहणारा पर्वतीय गोरिला. ऑक्टोबर १९०२ मध्ये रॉबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन कप्तानाने साबिन्यो डोंगरावर दोन गोरिला मारले. एकाचा देह बर्लिनला पोहोचला आणि दुसऱ्याच वर्षी त्या उपजातीला कप्तानाचेच नाव चिकटले. ज्याने मारले त्याचेच नाव मेलेल्याच्या वंशाला मिळावे, हा प्राणिशास्त्राच्या नामकरणपद्धतीतील एक क्रूर विनोद म्हणावा लागेल.

या इतिहासाला वळण मिळाले ते एका पेंढा भरणाऱ्या कलावंतामुळे. कार्ल एकली हा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी १९२१ मध्ये गोरिलांचे नमुने आणावयास गेला. नमुने त्याने मिळविले, म्हणजेच गोरिला मारले. परंतु मेलेल्या नराच्या चेहऱ्याकडे पाहताना आपण हत्यारे नाही अशी स्वतःची समजूत घालण्यासाठी त्याला शास्त्राचा सारा उत्साह पणाला लावावा लागला, असे त्याच्या लेखनावरून दिसते. परतल्यावर त्याने या प्राण्याच्या रक्षणासाठी बेल्जियमच्या राजाकडे आग्रह धरला, आणि १९२५ मध्ये आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. आफ्रिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९२६ मध्ये पुन्हा तेथे गेला असता मिकेनो डोंगराच्या उतारावर एकलीचा मृत्यू झाला आणि तेथेच त्याला पुरण्यात आले. त्याने मारलेले गोरिला न्यूयॉर्कमध्ये काचेआड उभे आहेत. त्यांच्या मागील पडद्यावर मिकेनोचेच चित्र रंगविलेले आहे. पश्चात्तापातून एक संस्था जन्माला येते, आणि तिला जमीन देणारा राजा त्या जमिनीवर वसाहतीचा धनी असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकलीचा गौरव करणारे पहिली तेवढी सांगतात आणि वसाहतवादाचे टीकाकार दुसरी तेवढी. प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही अर्धवट वाचन वाटते.

गोरिला पाहण्यासाठी पाहुण्यांना डोंगरावर नेण्याचा रीतसर आरंभ मात्र कोणा राजाने केला नाही, तो एका उपाहारगृहाच्या मालकाने केला. १९५५ च्या सुमारास वॉल्टर बाउमगार्टेल नावाच्या जर्मन गृहस्थाने युगांडातील किसोरो या गावी 'ट्रॅव्हलर्स रेस्ट' हे लहानसे निवासस्थान चालविण्यास घेतले. त्याच्या पदरी रूबेन रवान्झागिरे नावाचा वाटाड्या होता. तेथे उतरलेल्या अभ्यासकांना मुहावुरा आणि गाहिंगा यांच्या मधल्या खिंडीकडे नेणारा, तुडविलेल्या गवतावरून कळप किती वेळापूर्वी गेला ते सांगणारा तो हाच. रोझली ऑसबर्न व जिल डॉनिसथॉर्प या दोघींचे त्या भागातील अभ्यास, जपानी वानरशास्त्रज्ञांच्या भेटी, १९५९ मध्ये आलेला जॉर्ज शॅलर हे सारे या निवासस्थानाशी जोडलेले आहेत. रवान्झागिरेचे नाव पुस्तकांतून उरले हे विशेषच. त्याच्यासारख्या इतरांची उरली नाहीत.

माग काढण्याची ही विद्या नेमकी काय असते? गोरिला दर रात्री नवी शेज रचतो. पाने, फांद्या, वेली दुमडून अंगाखाली घेतो आणि सकाळी ती सोडून निघतो. तेव्हा माग काढणारा आदल्या दिवशी कळप जेथे सोडला तेथून आरंभ करतो, शेजांपर्यंत पोहोचतो, त्या मोजतो, विष्ठेच्या आकारावरून नर कोणता, मादी कोणती, पिलू कोणते ते ठरवितो. मग वाकलेली खाजकुयरीसारखी आग लावणारी झुडपे, सोललेली रानसेलरी, बांबूचे चावलेले कोंब पाहत पुढे सरकतो. गोरिलांच्या शास्त्रीय शिरगणतीचा पायादेखील हाच: शेजा मोजणे. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरील वळ्या निराळ्या असतात व त्यांवरून तो ओळखता येतो. अभ्यासक या नाकांची रेखाटने करून वही ठेवतात. माग काढणाऱ्यांना वहीची गरज पडत नाही.

शॅलर १९५९-६० मध्ये काबारा येथील कुरणाजवळ राहिला. तो निःशस्त्र जाई, उघड्यावर बसे, लपून पाहत नसे. पाहणारा आपणही दिसू दिला तर पाहिला जाणारा हळूहळू शांत होतो, ही त्याची साधी रीत होती. १९६३ मध्ये त्याचा शास्त्रीय ग्रंथ निघाला आणि दु शाय्यूच्या राक्षसाचे वर्चस्व शंभर वर्षांनी ओसरू लागले. भारतीय वाचकाला शॅलर ठाऊक आहे तो दुसऱ्या कारणाने. विरुंगानंतर तो कान्ह्याला आला आणि वाघ व हरणांवरील त्याचा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच कान्ह्यातून पुढे बैगांच्या वस्त्या उठविल्या गेल्या, हे येथे नोंदविले पाहिजे. त्याचे कारण पुढे येईल.

डायन फॉसीची कथा पुस्तकाने व १९८८ च्या चित्रपटाने सर्वतोमुखी केली आहे, म्हणून तिच्यावर फार शब्द खर्चणे नको. सप्टेंबर १९६७ मध्ये तिने कारिसोके येथे तळ टाकला, १९७७ च्या अखेरीस तिचा लाडका 'डिजिट' शिकाऱ्यांनी मारला, डिसेंबर १९८५ मध्ये तिची स्वतःची हत्या झाली. तिच्या हाताखाली माग काढणाऱ्या एमॅन्युएल रुवेलेकाना याला त्या हत्येच्या आरोपावरून पकडण्यात आले आणि न्यायालयासमोर उभे राहण्यापूर्वीच तो तुरुंगात मरण पावला. चरित्रकारांच्या लेखी ही तळटीप आहे.

फॉसीचा पर्यटनाला विरोध होता. तिच्या विरोधात तथ्य नव्हते असे नाही, कारण माणसाचा साधा खोकला गोरिलाला मारू शकतो. परंतु त्या डोंगराची स्थितीही विसरता येत नाही. १९६९ च्या सुमारास रुआंडाच्या बाजूचे सुमारे दहा हजार हेक्टर अरण्य कीटकनाशकासाठी लागणाऱ्या पायरेथ्रम फुलांच्या लागवडीला देण्यात आले होते. पुढील दशकाच्या अखेरीस उरलेल्या अरण्याचा आणखी एक मोठा तुकडा गुरांसाठी मोकळा करण्याची योजना पुढे आली. विरुंगातील गोरिलांची संख्या तेव्हा जेमतेम अडीचशेच्या घरात होती. बिल वेबर आणि एमी व्हेडर या तरुण दांपत्याने हिशोब मांडला, की गुरांपेक्षा गोरिला पाहावयास येणारा माणूस देशाला अधिक मिळवून देईल. १९७९ मध्ये या विचारातून पर्वतीय गोरिला प्रकल्प सुरू झाला. मोजके कळप माणसांना सरावविणे, लहान तुकड्या, कळपापाशी एकच तास, ठरलेले अंतर हे नियम त्यातून घडत गेले. आज तुकडी आठ जणांची असते. अंतर सात मीटर होते, ते २०२० च्या साथीनंतर दहा झाले. पाहुणे निघण्यापूर्वीच माग काढणारे पहाटे पुढे गेलेले असतात आणि बिनतारी यंत्रावरून वाटाड्याला कळपाचा ठाव कळवितात. कळपाजवळ पोहोचल्यावर वाटाडा घशातून एक संथ, खर्जातील हुंकार काढतो. गोरिलांच्या व्यवहारात त्याचा अर्थ 'सारे ठीक आहे' असा होतो.

ही व्यवस्था टिकेल असे १९९४ मध्ये कोणी म्हटले नसते. त्या वर्षी रुआंडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. निर्वासितांचे लोंढे विरुंगाच्या पायथ्याशी आले. मार्च १९९९ मध्ये युगांडातील ब्विंडी येथे सशस्त्र टोळीने आठ परदेशी पर्यटकांना व एका युगांडी उद्यान-अधिकाऱ्याला ठार केले. एप्रिल २०२० मध्ये कांगोच्या बाजूला एकाच हल्ल्यात बारा वनरक्षक मारले गेले. या साऱ्यातून गोरिला वाचला, एवढेच नव्हे तर वाढला. विरुंगातील ६०४ आणि ब्विंडीच्या शिरगणतीतील ४५९ मिळून पर्वतीय गोरिलांची संख्या १०६३ भरली. मोठ्या वानरांत हे उदाहरण दुर्मिळ आहे. २०१७ मध्ये रुआंडाने एका तासाच्या दर्शनाचे शुल्क ७५० वरून १५०० डॉलर केले. वेबर-व्हेडर यांचा हिशोब बरोबर ठरला, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल.

मात्र त्या हिशोबात एक रकाना रिकामा राहिला. ब्विंडी व म्गाहिंगा येथे १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्याने झाली, तेव्हा त्या अरण्यात पिढ्यान्पिढ्या मध, कंद व शिकार यांवर जगणाऱ्या बट्वा लोकांचे अरण्य कायमचे बंद झाले. त्यांच्याजवळ लागवडीची जमीन नव्हती, म्हणून भरपाईच्या नियमांत ते बहुतांशी बसलेच नाहीत. इतरांच्या शेतांच्या बांधांवर, मजुरीवर ते राहू लागले. बैगांची आठवण होते ती येथे. राखीव वनांची भाषा जगभर सारखीच आहे. विशेष असे, की बट्वा गोरिलाचे पारंपरिक शिकारी नव्हते; त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखी गोरिला हे निषिद्ध मांस आहे. बट्वांनी युगांडाच्या घटना न्यायालयात दाद मागितली, आणि २०२१ मध्ये त्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

म्गाहिंगाच्या उद्यानात आता 'बट्वांची वाट' नावाची एक सशुल्क सफर आहे. बट्वा वाटाडे पाहुण्यांना घेऊन अरण्यात शिरतात, काड्या घासून अग्नी पेटवून दाखवितात, मधाची पोळी कोठे सापडत, कोणते पान कोणत्या दुखण्यावर लावीत ते सांगतात. एरवी त्यांना या अरण्यात राहता येत नाही. या वाटेवर चालताना तेवढे त्यात जाता येते. सफर गारामा नावाच्या लाव्हाच्या गुहेपाशी संपते. पाहुण्यांना आत नेऊन दिवे मालविले जातात आणि काळोखात बट्वा स्त्रिया गातात. गाण्याचे शब्द पाहुण्यांना कळत नाहीत. मागाहून कोणी विचारले तर वाटाड्या त्यांचा अर्थ सांगतो.