शब्दवेध : कारण

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी कंपनीच्या तरुण साहेबांना मराठी शिकवत. पंडित वैजनाथ मदतीला होते. १८०५ साली व्याकरण निघाले, १८१० मध्ये मोडी टाइपातला कोश. त्या साहेबांना ‘कारण’ हा शब्द सोपा वाटला असेल. तो तसा नाही.

मूळ धातू ‘कृ’. त्याचे प्रयोजक रूप म्हणजे करवणे, आणि जे करवते ते ‘कारण’. इथवर कारण आधी, कार्य नंतर. पण जुन्या मराठीतले ‘कारणे’ म्हणजे ‘साठी’. देह कारणी लागतो तोही पुढच्या हेतूसाठीच. ‘राजकारणा’तल्या हेतूंबद्दल तर न बोललेले बरे! आपला शब्द मागे बघतो तसा पुढेही.

पदार्थविज्ञानाची पंचाईत याच जातीची आहे. न्यूटनची, मॅक्सवेलची समीकरणे काळ उलटा केला तरी चालतात. मग त्यांत कारण कुठले आणि कार्य कुठले? बर्ट्रांड रसेलने १९१२ साली ही कल्पनाच मोडीत काढायला सुचवले. मला ते घाईचे वाटते, कारण सापेक्षता सिद्धान्ताने क्रम सांभाळला आहे: प्रकाशाहून वेगाने कोणताही परिणाम पोहोचत नाही. रेडियमचा एखादा अणू नेमका आत्ताच का फुटला, याला मात्र पुंजयामिकी फक्त संभाव्यता सांगते. नैयायिकांच्या समवायी, असमवायी आणि निमित्त या तीन कारणांपैकी निमित्त, म्हणजे घडवून आणणारे कारण, इथे सापडत नाही.