फळीवरचा सूर आणि कातळावरची उडी

कॅसलरॉक हे जोयडा तालुक्यातील घाटमाथ्यावरचे रेल्वेस्थानक. येथून लोहमार्ग ब्रागांझा घाटाने गोव्यात उतरतो आणि सुमारे १४ किलोमीटरवर दूधसागर धबधब्यासमोरून जातो. पाऊस ओसरल्यावर कुळेच्या बाजूने जीपगाड्या धबधब्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचतात. तेथील डोहात कातळावरून सूर मारण्याचा मोह अनेकांना होतो. जलतरण तलावात फळीवरून उडी घेता येते, मग येथे काय हरकत, असा त्यामागचा विचार. फळीची रचना समजून घेतली तर तो टिकत नाही.

स्पर्धेतील स्प्रिंगबोर्ड ॲल्युमिनियमचा, सुमारे ४.८ मीटर लांब व अर्धा मीटर रुंद असतो आणि तो पाण्यापासून १ किंवा ३ मीटर उंचीवर बसवतात. त्याचे मागचे टोक घट्ट बांधलेले असते. मधला टेकू पायाने चाक फिरवून पुढेमागे सरकवता येतो. टेकू मागे नेला की फळीचा मोकळा भाग लांबतो व ती अधिक लवते; पुढे आणला की ती ताठ होते. नवशिक्याला ताठ फळीच बरी. सूरपटू शेवटच्या पावलाला उंच उसळून टोकावर उतरतो, फळी वाकते, वाकताना साठलेली ऊर्जा परतताना त्याला वर फेकते. अंगाला मिळणारी गिरकीही फळी सोडण्यापूर्वीच ठरते. हवेत फक्त अंग आखडून तिचा वेग वाढवता येतो. या क्षणाचा अंदाज निष्णातांचाही चुकतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ग्रेग लुगानिसचे डोके फळीवर आदळले होते. त्याने पुढे सुवर्णपदक जिंकले, ही गोष्ट वेगळी.

फळीइतकेच महत्त्व तिच्याखालच्या पाण्याला आहे. एक मीटरच्या फळीखाली सुमारे साडेतीन मीटर आणि दहा मीटरच्या मंचाखाली पाच मीटर खोली राखली जाते. तीन मीटरवरून पडणारे शरीर ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने पाण्यात शिरते, दहा मीटरवरून ५० किलोमीटर वेगाने. खाली दोनच मीटर पाणी असेल तर तळ यायला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणूनच हॉटेलांच्या उथळ तलावात डोक्यावर सूर मारू नये.

फळीवर एका वेळी एकच जण असावा. आधीचा पोहणारा बाजूला निघाल्याशिवाय उडी घेऊ नये. सूर सरळ पुढे मारावा आणि पाण्यात शिरताना हात डोक्यापुढे ताणून एकमेकांत गुंतवलेले असावेत.

डोहात यांपैकी कशाचीच हमी नाही. दरवर्षीच्या पुरात दगडधोंडे सरकतात, ओंडके अडकतात. गेल्या वर्षी खोल असलेली जागा यंदा उथळ झालेली असू शकते. फेसाचीही एक गंमत आहे. सरावाच्या काही तलावांत धक्का सौम्य व्हावा म्हणून पाण्यात मुद्दाम हवेचे बुडबुडे सोडतात. धबधब्याखालचा फेस मात्र माणसाला तरंगू देत नाही, कारण हवा मिसळलेले पाणी हलके असते, आणि वरून पडणारी धार त्याला पुन्हा खाली दाबते. लाइफ जॅकेट तेथे केवळ सोपस्कार नव्हे.

डोके तळाला आपटले की बहुधा मानेचा मणका मोडतो आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. अशा माणसाला खेचून उठवू नये. त्याला पाठीवर तरंगत ठेवावे, नाक-तोंड पाण्याबाहेर राहील असे पाहावे आणि डोके, मान व धड एका रेषेत धरून १०८ ला कळवावे. श्वास थांबला असेल तर मात्र पाण्याबाहेर काढून कृत्रिम श्वास देणे आधी. घाटातल्या रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत नेण्यात फार वेळ जातो, हे उडी घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे. लोहमार्गावरून चालत धबधबा गाठणे हा तर रेल्वे कायद्यानुसार गुन्हाच आहे.