जुन्या धर्मचित्रांतील ‘उडत्या तबकड्या’



२४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नोल्ड नावाचा एक अमेरिकन वैमानिक रेनियर पर्वताजवळून आपले लहानसे विमान नेत असता त्याला नऊ चकचकीत वस्तू विलक्षण वेगाने जाताना दिसल्या. त्याने केलेल्या वर्णनावरून तिकडील वर्तमानपत्रांनी ‘उडत्या बशा’ असे नाव बनविले, आणि मराठीत त्यांच्या ‘उडत्या तबकड्या’ झाल्या. पुढे मानवाने स्वतःच अवकाशात पाऊल टाकले. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि १९६१ मध्ये युरी गागारिन पृथ्वीची प्रदक्षिणा करून आला. परग्रहांवरून आपल्याकडेही कोणी येत असेल काय, हा प्रश्न त्यानंतर घरोघर चर्चिला जाऊ लागला, यात नवल नाही.

नवल आहे ते याच्या पुढच्या पायरीचे. असे पाहुणे आज येत असतील तर ते पूर्वीही आले असले पाहिजेत, आणि आले असतील तर जुन्या चित्रकारांनी त्यांची नोंद ठेवली असली पाहिजे, असा तर्क काही मंडळींनी केला. त्यांनी युरोपातील देवळांतली व संग्रहालयांतली जुनी धर्मचित्रे धुंडाळली आणि त्यांत तबकड्या, अग्निबाण व कृत्रिम उपग्रह ‘शोधून’ काढले. पुस्तकांतून आणि चित्रवाहिन्यांवरून ही चित्रे अजूनही दाखविली जातात. चित्राचा एवढाच एक कोपरा मोठा करून दाखविला, की पाहणारा क्षणभर चकित होतो. म्हणून ही चित्रे संपूर्ण पाहावीत आणि ती ज्यांच्यासाठी काढली गेली त्यांच्या डोळ्यांनी पाहावीत, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळचा चित्रकार लहर लागली म्हणून देवळाच्या वेदीवरचे चित्र काढीत नसे. चित्र कोणी तरी मागविलेले असे. त्यात कोणते संत असावेत, सोने किती लावावे, निळा रंग कोणत्या प्रतीचा वापरावा, हेसुद्धा कित्येकदा करारात लिहिलेले असे. शिवाय ते पाहणाऱ्या भाविकांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे चित्रातील प्रत्येक खूण त्यांच्या परिचयाची असणे आवश्यकच होते. मोरपीस आणि मुरली दिसताच आपल्याकडील लहान मूलही ‘हा कृष्ण’ म्हणून सांगते. त्यासाठी खाली नाव लिहावे लागत नाही. ख्रिस्ती चित्रकलेतही अशीच संकेतांची एक भाषा शतकानुशतके घडत आली होती. ती भाषा बाजूला ठेवून चित्र वाचावयास बसणे म्हणजे लिपी न शिकता पोथी वाचावयास घेण्यासारखे आहे.

आता लंडनच्या नॅशनल गॅलरीतील एक प्रसिद्ध चित्र घेऊ. कार्लो क्रिवेली या इटालियन चित्रकाराने ते १४८६ मध्ये काढले. गब्रीएल देवदूत मरियेला भेटून तिच्या पोटी येशूचा जन्म होणार असल्याचे शुभवर्तमान सांगतो, हा त्याचा विषय. मरिया आपल्या घरात गुडघे टेकून बसली आहे. वर आकाशात एक तेजस्वी वर्तुळ आहे, आणि त्यातून निघालेला सोनेरी किरण भिंतीतील छिद्रावाटे आत शिरून तिच्या मस्तकापर्यंत पोहोचला आहे. ही तबकडी आणि हा तिचा प्रकाशझोत, असे सांगण्यात येते. परंतु चित्राजवळ जाऊन ते वर्तुळ पाहिले, तर ते ढगांचे आणि देवदूतांच्या इवल्याइवल्या मुखांचे कडे आहे, असे स्पष्ट दिसते. किरणाच्या मार्गात पंख पसरलेले एक कबुतर आहे. कबुतर हे पवित्र आत्म्याचे चिन्ह. पवित्र आत्मा तुझ्यावर येईल, असे देवदूताने मरियेला सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आले आहे, आणि चित्रकाराने तेच रंगांत सांगितले आहे. या प्रसंगाच्या त्या काळातील कित्येक इटालियन चित्रांत असाच किरण आणि असेच कबुतर आढळते. सूर्यप्रकाश जसा काच न फोडता तिच्यातून आरपार जातो, तसे मरियेचे कौमार्य भंग न पावता गर्भधारणा झाली, असा दृष्टान्त मध्ययुगीन धर्मोपदेशक देत असत. किरणाच्या खुणेमागे तोही अर्थ उभा होता.

या चित्राची हकीकत मात्र येथे संपत नाही. देवदूताच्या शेजारी, भर रस्त्यात, एक बिशप गुडघे टेकून बसले आहेत आणि त्यांच्या हातात एका नगराची छोटी प्रतिकृती आहे. हे संत एमिदियस, आस्कोली पिचेनो या नगराचे रक्षक संत. चित्राच्या तळाशी ‘लिबेर्तास एक्लेसिआस्तिका’ असे लॅटिन शब्द आहेत. चर्चच्या अधिसत्तेखाली मिळालेले स्वातंत्र्य, असा त्यांचा आशय. पोप सिक्स्टस चौथे यांनी १४८२ मध्ये आस्कोलीला मर्यादित स्वराज्याचे हक्क दिले, आणि ती वार्ता नगरात येऊन पोहोचली तो दिवस २५ मार्चचा, म्हणजे नेमका मरियेला मिळालेल्या संदेशाच्या सणाचा होता. एक शुभवार्ता मरियेला मिळाली, दुसरी आस्कोलीला मिळाली, आणि नगरवासीयांनी दोन्ही एकाच चित्रात गुंफून घेतल्या. मागच्या बाजूला कमानीवर एक गृहस्थ हातातील पत्र वाचीत उभा आहे, तोही याच आनंदाचा साक्षीदार. आकाशातील वर्तुळाला यंत्र म्हटले, की हे संत, हे नगर आणि त्याच्या स्वातंत्र्याचा उत्सव सारेच निरर्थक होऊन जाते.

फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्किओमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरचे एक वर्तुळाकार चित्र आहे. मरिया, बाळ येशू आणि बालयोहान पुढे आहेत. मागे, मरियेच्या खांद्यापलीकडे, एक मनुष्य डोळ्यांवर हात धरून आकाशातील किरणयुक्त करड्या आकृतीकडे पाहत आहे. सोबत त्याचा कुत्राही आहे. तबकडीचे हेच म्हणे प्रत्यक्षदर्शी! परंतु येशूच्या जन्मरात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना प्रभूच्या तेजाचे दर्शन झाले, ही कथा ठाऊक असलेल्यास हा मनुष्य कोण हे विचारावे लागत नाही. डोळ्यांवर हात धरलेला मेंढपाळ त्या काळच्या जन्मचित्रांत पुनःपुन्हा भेटतो. त्याच्यासमोर कोठे देवदूत असतो, कोठे तेजोमय मेघ. बायबलमध्ये मेघ ही ईश्वराच्या सान्निध्याची जुनीच खूण आहे.

कोसोवोमधील देचानी मठाचे उदाहरण याहून मनोरंजक आहे. मठाचे देऊळ १३२७ ते १३३५ या काळात बांधले गेले आणि त्यातील भित्तिचित्रे १३५० च्या सुमारास पूर्ण झाली. क्रूसावर खिळलेल्या येशूच्या चित्रात वरच्या दोन कोपऱ्यांत दोन विचित्र आकृती आहेत. प्रत्येकीच्या पोटात एक मनुष्य बसलेला असून मागे किरणांची शेपटी दिसते. गागारिनच्या उड्डाणानंतर थोड्याच वर्षांत, १९६० च्या दशकात, हे अवकाशयात्री असल्याचा बोभाटा झाला. वस्तुतः हे सूर्य आणि चंद्र होत. येशू क्रूसावर असता भर दुपारी तीन तास अंधार पडला, असे मत्तय, मार्क आणि लूक तिघेही सांगतात. सृष्टीलाही हा मृत्यू पाहवला नाही, हे दाखविण्यासाठी चित्रकार क्रूसाच्या दोन बाजूंना सूर्यचंद्र काढीत आणि त्यांना मानवी रूप देत. इ.स. ५८६ च्या राबुला नावाच्या सिरियाक हस्तलिखितातही क्रूसाच्या वर सूर्यचंद्र आहेतच, म्हणजे देचानीच्या आधी साडेसातशे वर्षे हा संकेत रूढ होता. त्याचे मूळ तर आणखी मागे, रोमन शिल्पांत सापडते. तेथे मित्र देवाच्या शिल्पपटांवर दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र मानवी रूपाने असतात, कधी रथारूढही असतात. सात घोड्यांच्या रथातील सूर्यनारायण ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना यात परग्रहवासी दिसण्याचे कारण नाही.

इटलीतील मोंताल्चिनो येथे बोनावेन्तुरा सालिम्बेनी याने इ.स. १६०० च्या सुमारास काढलेल्या एका चित्राला तर ‘स्पुटनिक’ असेच टोपणनाव पडले आहे. वर पिता आणि पुत्र बसले आहेत, दोघांच्या मध्ये एक निळसर गोल आहे आणि त्यातून दोन काठ्या वर निघाल्यासारख्या दिसतात. त्या काठ्या म्हणजे दोघांच्या हातातील राजदंड, आणि तो गोल म्हणजे त्यांनी निर्माण केलेले विश्व. गोलावर सूर्य व चंद्रही रंगविलेले आहेत. विश्वगोल आणि राजदंड ही ईश्वराच्या सार्वभौमत्वाची चिन्हे असून अशा गोलासह काढलेली त्रैक्याची चित्रे युरोपभर आहेत. स्पुटनिक आकाशात जाण्यापूर्वी साडेतीनशे वर्षे या गोलाबद्दल कोणाही उपासकाला शंका आली नव्हती.

रेम्ब्रांटचा शिष्य आर्ट डी गेल्डर याने १७१० च्या सुमारास काढलेले येशूच्या बाप्तिस्म्याचे चित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. त्यातील किरण फेकणाऱ्या तेजोगोलाबद्दलही असेच बोलले जाते. गोलाच्या मध्यभागी कबुतर आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आपल्या गोमंतकीय श्रोत्यांना तर याचे उत्तर शोधावयास लांब जावे लागणार नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या मुख्य वेदीवर संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती आहे. त्यांच्या वर सूर्यकिरणांनी वेढलेल्या तबकडीत येशूच्या नावाची अक्षरे झळकतात, आणि त्याहून वर पवित्र त्रैक्य आहे. ही तबकडी कोठून उडत आली, असे तेथे कोणी विचारीत नाही.

मग जुन्या चित्रकारांनी खरे आकाश कधी पाहिलेच नाही काय? अवश्य पाहिले. जोत्तो याने पादुआच्या स्क्रोव्हेन्यी प्रार्थनामंदिरात १३०५ च्या सुमारास बेथलेहेमचा तारा धूमकेतूच्या रूपात रंगविला. १३०१ मध्ये दिसलेला हॅलेचा धूमकेतू त्याच्या मनात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच धूमकेतूच्या भेटीला युरोपने १९८५ मध्ये पाठविलेल्या यानाला जोत्तोचेच नाव दिले होते. तसेच लोकांना आकाशात काही अद्भुत दिसले, तर त्याच्या वार्ता छापल्याही जात. न्यूरेंबर्गच्या आकाशात १४ एप्रिल १५६१ रोजी दिसलेल्या चमत्काराचे सचित्र पत्रक हान्स ग्लासर याने प्रसिद्ध केले. त्यात स्थळ आहे, दिवस आहे, पाहणारे लोकही आहेत. लोकांनी काय पाहिले असेल, हा प्रश्न अशा पत्रकाला विचारणे योग्यच आहे. वेदीवरील चित्राला मात्र आधी निराळा प्रश्न विचारला पाहिजे : ही खूण याच प्रसंगाच्या इतर चित्रांत आहे काय? ती शेकडो चित्रांत त्याच जागी असेल, तर ती परंपरेने ठरविलेली खूण असते. एका चित्रकाराने एके दिवशी पाहिलेला देखावा नसतो.

हा विचार केवळ युरोपापुरता नाही. गोव्यात, बेळगावच्या आसपास आणि महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ उभे आहेत. तळाच्या चौकटीत लढाई असते, तिच्या वर अप्सरा पडलेल्या वीराला घेऊन जातात, कधी विमानात बसवून नेतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो, आणि माथ्यावर सूर्यचंद्र असतात. जमिनीच्या दानाच्या शिलालेखांवरही तेच सूर्यचंद्र कोरलेले असतात. आकाशात सूर्यचंद्र आहेत तोवर ही कीर्ती, हे दान टिको, असा त्यांचा अर्थ. आचंद्रार्क हा शब्द ज्याच्या कानावर आहे, त्याला तो दगड बोलताना ऐकू येतो. उद्या तो शब्द विसरला गेला, तर याच दगडावर दोन गोल, एक विमान आणि वर नेला जाणारा मनुष्य एवढेच उरेल, आणि त्याचे काय वाटेल ते सांगता येईल.

आकाशात अन्यत्र जीवसृष्टी आहे की नाही, याचा शोध वैज्ञानिकांनी जरूर घ्यावा. तो मोठा आणि गंभीर प्रश्न आहे. त्यासाठी जुन्या चित्रांना खोटी साक्ष द्यावयास लावण्याचे कारण नाही. आस्कोलीच्या लोकांनी आपल्या स्वातंत्र्याचा आनंद त्या चित्रात ठेवला, आणि आपल्या पूर्वजांनी गावासाठी पडलेल्या माणसाचे स्मरण त्या दगडात ठेवले. दोघांनीही ते पुढच्यांना कळावे म्हणूनच ठेवले. ते समजून घेण्याइतकी त्यांची भाषा शिकणे, हे आपल्यावरील त्यांचे ऋण आहे.