ठिगळ ते अख्खं कापड : अपडेट एवढे मोठे का झाले?

आजचा विषय तसा घरगुती आहे. लॅपटॉपवर सूचना येते, ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’. आपण आकडा बघतो : 12 जीबी. मनात येतं, कालपर्यंत तर सगळं चाललं होतं, मग आत एवढं बदललं तरी काय? नेहमीचं उत्तर असतं, ‘हल्लीचे प्रोग्रॅमर आळशी झालेत.’ थोडं तथ्य त्यात असेलही, पण इतिहास बघितला तर कारण वेगळं दिसतं. तेच आज मांडणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. दुरुस्तीला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. हा शब्द अगदी शब्दशः खरा होता. 1944 साली हार्वर्ड मार्क 1 हे यंत्र सुरू झालं. त्याला सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडलं की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळं लावलेली पट्टी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. चूक जेवढी, तेवढंच ठिगळ. बाकीच्या पट्टीला हात लावायचा नाही.

हीच रीत पुढे बराच काळ टिकली. 1985 मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचाच प्रोग्रॅम लिहिला. जुन्या आणि नव्या मजकुरातल्या फक्त बदललेल्या ओळी पाठवायच्या, समोरचा आपल्या प्रतीत त्या बसवणार. मंद जोडण्यांच्या काळात हे वरदान होतं. पण एक अट होती : समोरच्याकडची प्रत आपल्याला अपेक्षित आहे तशीच हवी. ही अट लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

आता घरगुती संगणकाकडे येऊ. ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 आली. ती सीडीवर मिळायची, आणि सीडी ड्राइव्ह नसेल त्याला 13 फ्लॉपींचा गठ्ठा. सगळं मिळून साधारण 20 एमबी. एक फ्लॉपी काढा, दुसरी घाला, असं चालायचं. आकार तेव्हा हाताला जाणवत होता! 1998 मध्ये विंडोज 98 बरोबर ‘विंडोज अपडेट’ आलं आणि ठिगळं इंटरनेटवरून घरपोच मिळू लागली.

मग आला 2003 चा ऑगस्ट. विंडोजमधल्या एका दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 16 जुलैला दिली होती. 11 ऑगस्टला त्याच दोषावर स्वार होऊन ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म पसरला. मध्ये 26 दिवस होते. औषध दुकानात होतं, पण असंख्य संगणकांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. वर्म लागलेला संगणक मिनिटाभराची उलटी मोजणी दाखवायचा आणि बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दुरुस्ती तयार करणं आणि ती पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तिथे मिळाला.

त्यानंतर वर्षभरात, ऑगस्ट 2004 मध्ये, एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला. त्याची पूर्ण फाइल होती सुमारे 266 एमबीची. 56 केबीपीएसच्या डायल-अपवर हिशोब करा : जोडणी एकदाही तुटली नाही, वेग पूर्ण मिळाला, तरी साडेदहा तास. त्याच वर्षी आपल्या सरकारच्या धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या ठरवली ती 256 केबीपीएस. म्हणजे त्या काळातल्या ‘वेगवान’ जोडणीवरही सव्वादोन तास. मायक्रोसॉफ्टने याची सीडी फुकट पाठवण्याची सोय ठेवली होती, ती उगाच नव्हे.

आता मुख्य प्रश्न. ठिगळं सोडून कंपन्या अख्खं कापड का पाठवू लागल्या?

पहिलं कारण गणिताचं. समजा 20 सुटी ठिगळं आहेत आणि प्रत्येक लावायचं की नाही हे वापरणाऱ्यावर सोडलं. मग संगणकांच्या किती वेगवेगळ्या अवस्था संभवतात? दोनचा विसावा घात, म्हणजे 10 लाखांहून जास्त. एवढ्या जोड्या कुठलीच कंपनी तपासू शकत नाही. म्हणून 2016 पासून विंडोज 7 आणि 8.1 साठीसुद्धा सुट्या दुरुस्त्यांऐवजी दर महिन्याचा एकत्रित गठ्ठा देणं सुरू झालं. मोठ्या आवृत्तीच्या वेळी तर जुनी व्यवस्था बाजूला ठेवून नवी पूर्णच बसवायची. तुमच्याकडे आधी काय होतं याची काळजीच नको!

दुसरं कारण, एकच माप सगळ्यांना. नोव्हेंबर 2020 मध्ये आलेलं मॅकओएस बिग सर सुमारे 12 जीबीचं होतं. त्यात इंटेल आणि ॲपलचे स्वतःचे, अशा दोन्ही प्रोसेसरसाठीचा कोड होता. भाषा, फॉन्ट, ड्रायव्हर हे वेगळंच. तुमच्या यंत्राला त्यातलं बरंच लागत नाही, पण ते येतंच.

तिसरं कारण सुरक्षिततेचं. बिग सरपासून मॅकच्या मूळ प्रणालीवर एक गणिती मोहोर असते. एक बाइट जरी बदलला तरी मोहोर जुळत नाही. म्हणजे शेवटी प्रत्येक यंत्रावर तंतोतंत तेच कापड हवं.

मग हे अटळ आहे का? नाही. गूगलने 2009 मध्ये क्रोमसाठी ‘कूर्जेट’ हे तंत्र जाहीर केलं. त्यांच्या उदाहरणात पूर्ण अपडेट होतं 1 कोटी बाइटच्या थोडं वर. जुन्या फरक-पद्धतीने ते 7 लाखांवर आलं आणि कूर्जेटने 79 हजारांच्या आत. 2019 मध्ये विंडोज 10 ची 1909 ही आवृत्ती 1903 वापरणाऱ्यांना एका चिमुकल्या फाइलने मिळाली, कारण नवा कोड महिन्याच्या अपडेटमधून आधीच पोचला होता, फक्त चालू करायचा होता. पण बघा, दोन्हीकडे अट तीच जुनी : समोर नेमकी कुठली प्रत आहे हे ठाऊक हवं. एका आवृत्तीचं अंतर असेल तर जमतं. कुणी दोन वर्षं मागे, कुणी चार वर्षं मागे असेल, तर कंपनी सरळ अख्खं कापड धाडते.

म्हणजे हा आकार ही खात्रीची किंमत आहे. तपासणी कंपनीची सोपी झाली, यंत्र आपलं भरवशाचं झालं, पण डाउनलोडचं बिल आपल्याकडे आलं. 2011 मध्ये मॅकओएस लायन साधारण 4 जीबीचं होतं आणि मुख्यतः डाउनलोडनेच मिळायचं, तेव्हा घरी ब्रॉडबँड नसणाऱ्यांनी ॲपलच्या दुकानात येऊन उतरवून घ्यावं, असं कंपनीनेच सांगितलं होतं. ज्याच्या गावात असं दुकानच नाही त्याचं काय?

रोजच्या दीड-दोन जीबी मोबाइल डेटावर लॅपटॉप चालवणारी मुलं आपल्याकडे आहेत. 12 जीबी म्हणजे त्यांचा आठवडाभराचा डेटा. ती ‘नंतर’ हे बटण दाबतात, त्यांना आळशी म्हणू नका. पण ब्लास्टरचे ते 26 दिवस आठवा. ‘नंतर’मध्येच धोका असतो. म्हणून एक सांगतो : मोठं अपडेट कॉलेजच्या किंवा ग्रंथालयाच्या वायफायवर करा, पण महिन्याची सुरक्षा-दुरुस्ती टाळू नका. आणि कंपन्यांना विचारायचा प्रश्न ‘आत एवढं काय भरलंय?’ एवढाच नाही. खात्री सगळ्यांना हवी आहे, मग तिचा खर्च कमी डेटावाल्यालाच सर्वात जड का पडावा, हाही आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.